इंजिनीअरिंगसाठी लॅपटॉप निवडताना: आधी सॉफ्टवेअर, मग वजन, मग बाकीचं

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की चर्चा थेट प्रोसेसरवर जाते. तो प्रश्न चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ बरीच नंतर येते. इंजिनीअरिंगवाल्याला लॅपटॉप रोज खांद्यावर वागवायचा असतो आणि त्यावर काही ठरावीक, वजनदार सॉफ्टवेअरही चालवायचं असतं. या दोन गरजांचं आपसात पटत नाही. ताकद वाढवली की उष्णता वाढते, ती बाहेर टाकायला मोठे पंखे लागतात आणि बॅगही जड होते. म्हणून निवडीत क्रम पाळावा लागतो.

पायरी १: सॉफ्टवेअरची यादी करा

पुढच्या तीन-चार वर्षांत काय काय वापरावं लागेल ते लिहून काढा. अभ्यासक्रम पाहा, पुढच्या वर्षातल्या मुलांना विचारा, नोकरीत असाल तर टीममध्ये विचारा. मग प्रत्येक सॉफ्टवेअरच्या अधिकृत संकेतस्थळावर सिस्टिम रिक्वायरमेंट्सचं पान उघडा. तिथला ‘किमान’ आकडा विसरून जा आणि ‘शिफारस’ म्हणून दिलेला लिहून घ्या. किमान आकड्यावर प्रोग्रॅम उघडतो, पण त्यावर काम करणं म्हणजे शिक्षा असते.

ही यादी झाली की विंडोज की मॅक या वादाचा निकाल बहुतेक वेळा आपोआप लागतो. सॉलिडवर्क्स (यंत्रभागांचं डिझाइन), रेव्हिट (इमारतीचं मॉडेल), ईटॅब्स (इमारतीच्या सांगाड्याचं गणित) ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती मिळते, पण विंडोजवरच्या सगळ्या सोयी तिच्यात नाहीत. एफपीजीएसाठी, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं बदलता येणाऱ्या चिपसाठी, लागणारं विवाडो विंडोज आणि लिनक्सवर चालतं, मॅकवर नाही. मॅटलॅब (गणित आणि सिम्युलेशन) आणि किकॅड (सर्किट बोर्डाचं डिझाइन) मात्र तिन्हीकडे चालतात. २०२० च्या अखेरीस अ‍ॅपलने स्वतःच्या चिपचे मॅकबुक आणले आणि त्यांच्यावर बूट कॅम्प या अ‍ॅपलच्याच प्रोग्रॅमने विंडोज टाकण्याची सोय उरली नाही. कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्याला याने फारसा फरक पडत नाही. मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्याने मात्र मॅकबुकच्या बॅटरीवर भाळण्याआधी यादी पुन्हा वाचावी.

अशीच अडचण स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपमध्ये येते. ते हलके असतात आणि बॅटरीही छान टिकते. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले बरेचसे प्रोग्रॅम त्यांवर इम्युलेशनने, म्हणजे आतल्या आत भाषांतर होऊन, चालतात; ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारे प्रोग्रॅम, मात्र तसे चालत नाहीत. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅमर, ऑसिलोस्कोप, डेटा लॉगर, लायसन्सचा डोंगल (सॉफ्टवेअरचा परवाना असलेली युएसबी किल्ली) यांपैकी ज्याचा ड्रायव्हर खास एआरएमसाठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या चिपसाठी, बनलेला नाही, ते उपकरण जोडून उपयोग नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हे आधीच तपासावं.

पायरी २: वजन ठरवा, चार्जरसकट

जाहिरातीत दिलेलं वजन नुसत्या लॅपटॉपचं असतं. १४ इंची साधा लॅपटॉप साधारण १.२ ते १.६ किलोचा असतो आणि ६५ वॉटच्या छोट्या चार्जरवर भागतं. गेमिंग लॅपटॉप सहसा २ ते २.५ किलोचा असतो आणि त्याचा १८० किंवा २३० वॉटचा चार्जर आणखी अर्धा किलो किंवा त्याहून जास्त भरतो. आकडा वाचून अंदाज येत नाही, म्हणून एक सोपा प्रयोग करा. तेवढ्या वजनाची पुस्तकं नेहमीच्या बॅगेत भरून आठवडाभर फिरा. पुष्कळ जणांचं मत चौथ्या दिवशीच बदलेल.

युएसबी-सीवरून चार्ज होणारा लॅपटॉप घेतलात तर एकाच चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपनाही हलक्या कामापुरतं १०० वॉटपर्यंतचं युएसबी-सी चार्जिंग चालतं. मग तो विटेसारखा चार्जर घरीच ठेवता येतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. बहुतेक विद्यार्थ्यांनी दीड किलोच्या आसपासचा १४ इंची लॅपटॉप घ्यावा आणि जड सिम्युलेशन लॅबमधल्या किंवा ऑफिसच्या डेस्कटॉपवर सोडून रिमोट डेस्कटॉपने पाहावं. रात्रभर चालणारं गणित पाठीवर वागवायची गरज नाही. ज्यांना मोठी असेंब्ली (अनेक पार्ट जोडून बनलेलं मॉडेल) साइटवरच उघडावी लागते किंवा ज्यांच्याकडे दुसरं मशीनच नाही, त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा.

पायरी ३: आता प्रोसेसर

नावातल्या मोठ्या आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर जास्त बोलतं. इंटेल आणि एएमडी दोघांकडेही ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारी चिप. ‘एच’ किंवा ‘एचएस’ म्हणजे दणकट आणि ‘एचएक्स’ म्हणजे बहुतेक वेळा जवळपास डेस्कटॉपच्या तोडीची. पण तीच चिप पातळ बॉडीत लवकर तापते आणि वेग कमी करते. म्हणून परीक्षण वाचताना पहिल्या मिनिटाचा स्कोअर सोडून द्या. अर्धा तास सलग चालवल्यावर काय राहिलं आणि चार्जर काढल्यावर किती घसरलं, ते शोधा.

कोअरची संख्या पाहून हुरळून जाऊ नका. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमध्ये, मॉडेल बनवताना एक फीचर आधीच्या फीचरवर उभं असतं, त्यामुळे गणित एकामागून एक होतं आणि एकेका कोअरचा वेगच कामी येतो. जास्त कोअरचा फायदा रेंडरिंग (मॉडेलचं खरं वाटणारं चित्र काढणं), सीएफडी (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं गणित) आणि मोठा कोड कंपाइल करताना दिसतो.

पायरी ४: रॅम

कात्री लावायची तर दुसरीकडे लावा, इथे नको. आज १६ जीबी ही सुरुवात समजा. मोठी असेंब्ली, फायनाइट एलिमेंट (भागाचे छोटे तुकडे पाडून ताण वगैरे काढण्याचं गणित), एफपीजीए किंवा व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत चालवलेला दुसरा) करणाऱ्याने ३२ जीबीच घ्यावी. फायनाइट एलिमेंटचा डायरेक्ट सॉल्व्हर अख्खं मॅट्रिक्स फोडून मेमरीत धरून ठेवतो. मेमरी अपुरी पडली की तो डिस्कवर लिहू लागतो आणि काही मिनिटांचं काम तासांवर जातं. त्या वेळी प्रोसेसर कितीही भारी असला तरी तो नुसता वाट पाहत बसतो.

हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. डेटाशीटमध्ये एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती बहुधा सोल्डर केलेलीच समजा. सो-डिम स्लॉट, म्हणजे सुटी रॅम बसवायच्या खाचा, असतील तर आज कमी घेऊन पुढे वाढवता येते. एसएसडीचं तेवढं बिकट नसतं, ती बऱ्याच मॉडेलमध्ये बदलता येते. तरी १ टीबी घेणं शहाणपणाचं, कारण एकटं विवाडोच सहज ५० जीबीच्या वर जागा खातं.

पायरी ५: वेगळं ग्राफिक्स कार्ड खरंच हवं का?

टूडी ड्रॉइंग, सुटे पार्ट, पीसीबी (सर्किट बोर्ड), कोडिंग यांना प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. मोठी असेंब्ली, रेव्हिटमधली भली मोठी इमारत किंवा रेंडरिंग असेल तर वेगळं कार्ड घ्या. मशीन लर्निंगसाठी क्युडा (ग्राफिक्स कार्डावर गणित करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) लागत असेल तर ते एनव्हिडियाचंच हवं, कारण क्युडा दुसऱ्या कार्डांवर चालत नाही. कार्डाच्या नावाबरोबर वॉटही पाहा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेत बसवलेलं असू शकतं आणि नाव तेच राहतं. सर्टिफाइड ड्रायव्हरची प्रोफेशनल कार्डं दिवसभर कॅडमध्ये बसणाऱ्या नोकरदारासाठी ठीक आहेत, विद्यार्थ्याने त्यांच्यामागे लागू नये.

पायरी ६: स्क्रीन, पोर्ट, बॅटरी

स्क्रीन १६:१० प्रमाणाची आणि मॅट घ्या. खोलीत ३०० निट्सचा (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजेड पुरतो, साइटवर ४०० च्या पुढे हवा. १४ इंचांवर फोर-के नको, कारण जुन्या सॉफ्टवेअरमधली आयकॉन मुंगीएवढी दिसतात. कॅड करणार असाल तर चाकाचं मधलं बटण असलेला माउस बजेटमध्ये आधीच धरा. नेटवर्कचा आणि प्रोजेक्टरचा पोर्ट नसेल तर अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागेल.

बॅटरी किती तास चालेल हे जाहिरातीत वाचू नका, भागाकार करा. ६० वॉट-तासांची बॅटरी सरासरी १० वॉट खाणाऱ्या कामात ६ तास जाते आणि ४५ वॉट खाणाऱ्या सिम्युलेशनमध्ये १ तास २० मिनिटं. विमानात परवानगीशिवाय न्यायची मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, त्यामुळे मोठ्या बॅटऱ्याही ९९ च्या आसपास थांबतात.

पायरी ७: परत करण्याची मुदत संपायच्या आत

यादीतलं सर्वांत जड सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी टाका आणि अर्धा तास चालवा, चार्जर लावून आणि काढूनही. पंख्याचा आवाज वर्गात चालेल का ते ऐका. प्रत्येक पोर्टला काहीतरी जोडून पाहा.

जुनं वर्कस्टेशन घेत असाल तर आणखी तीन गोष्टी पाहा. ते विंडोज ११ ला पात्र आहे का, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमतेच्या तुलनेत आज किती उरली आहे. आणि बायॉसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, पासवर्ड आहे का. असेल तर तो विकणाऱ्याकडून तुमच्यासमोर काढून घ्या. त्याला काढता येत नसेल तर मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.