कान्हेरीला जाताय? आधी वर चढा

सोमवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या गेटपासून ही बौद्ध लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, म्हणून सकाळी लवकर निघा.

बहुतेक जण ३ नंबरच्या चैत्यगृहात (स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात) फोटो काढून परततात. तुम्ही ऊन चढायच्या आत थेट वरच्या लेण्यांकडे चला. तिथे भिक्खूंचं रोजचं जगणं दिसतं: खोलीत दगडी ओटा, दाराशी पाण्याची पोढी म्हणजे टाकं, कातळात खोदलेल्या पन्हळी. ९० नंबरच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ मध्ये आलेल्या पारशी मंडळींच्या नावांचे. भिंतीवर नाव लिहायची हौस जुनीच म्हणायची! तुम्ही मात्र आवरा. उतरताना चैत्यगृह निवांत बघा. खाऊची पिशवी हातात नको, माकडं हिसकावतात.