शब्दात छायाचित्र भरण्यापूर्वी शिरोरेषा तपासावी

आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या प्रदर्शनासाठी मी ‘सह्याद्री’ हा शब्द हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या छायाचित्राने भरून भित्तिपत्रक तयार केले. पडद्यावर ते उत्तम दिसत होते. छापून आले तेव्हा शब्दाची शिरोरेषा जवळजवळ नाहीशी झाली होती. छायाचित्रातले पांढुरके आकाश नेमके तिच्यावर आले होते आणि काम करताना मी अक्षरांमागे गडद राखाडी थर ठेवला होता, कागद मात्र पांढरा होता. म्हणून फोटोशॉपमध्ये नवी फाइल उघडताच सर्वांत खाली कागदाच्याच रंगाचा लेयर, म्हणजे थर, घालावा आणि काम संपेपर्यंत तो लपवू नये.

फाइलचे माप आधी ठरवावे. ए३ आडव्या कागदासाठी ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, रुंदी ४९६१ पिक्सेल होते, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले आकसलेले चित्र उपयोगाचे नाही. ज्याने ते टिपले त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्यावी, आणि संकोच करू नये.

फॉन्ट जाड हवा, कारण चित्र दिसते ते अक्षराच्या अंगातच. ‘मुक्ता’चे सर्वांत जाड, ८०० वजनाचे रूप चालते, ‘मोदक’ त्याहून भरदार आहे, पण त्यात अक्षरांच्या पोकळ्या इतक्या अरुंद होतात की लांबून वाचताना जोडाक्षर अडखळते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ ही भारतीय लिप्या नीट जोडणारी सोय निवडलेली नसेल तर ‘ह्या’ आणि ‘द्री’ फुटून हलन्त वेगळे दिसतात, म्हणून शब्द टाइप केल्यावर प्रत्येक जोडाक्षर मोठे करून पाहावे. अक्षरांमधले अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यच ठेवावे. रोमन मथळ्यांसारखे ते वाढवले की शिरोरेषेचे तुकडे होतात, आणि हे मला कोणाच्याही कामात पाहवत नाही.

छायाचित्र निवडताना मात्र घाई करू नये. रोमन अक्षराला अशी सलग रेघ नसते; आपल्या शब्दाची ओळख त्याच्या माथ्यावर असते, आणि निसर्गचित्रातही माथ्यावरच आकाश असते. म्हणून चित्र शब्दापेक्षा बरेच उंच घ्यावे, म्हणजे ते वर सरकवून आकाश अक्षरांबाहेर घालवता येते आणि कड्याचा काळा दगड शिरोरेषेवर आणता येतो. शब्दाच्या लेयरवर चित्राचा लेयर ठेवून आल्ट, कंट्रोल आणि जी या कळा एकत्र दाबल्या की क्लिपिंग मास्क तयार होतो, म्हणजे चित्र फक्त अक्षरांच्या आकारात दिसते. हे सोपे आहे. त्यानंतर चित्र सरकवताना नजर शिरोरेषेवर ठेवावी, आणि तिच्या वर जाणारी ‘द्री’ची वेलांटीही पाहावी, कारण आकाशात आधी तीच विरते.

आकाश टाळता येत नसेल तर कर्व्ह्जचा, म्हणजे उजळपणा कमीजास्त करणारा, लेयर त्याच मास्कमध्ये घेऊन फक्त वरचा भाग गडद करावा. अक्षरांभोवती बारीक रेघ काढणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. तिने अक्षरे कापून चिकटवल्यासारखी दिसतात. जागा जमत नाही म्हणून चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवू नये. कोकणकड्यावर जाऊन आलेल्याला ते लगेच खटकते.

मग पुन्हा एकदा खाली पांढरा लेयर आहे ना, हे पाहावे, चित्र २५ टक्क्यांवर लहान करावे आणि शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सलग दिसते का ते तपासावे. कुठे थोडीही फिकी वाटली तर चित्र परत सरकवावे. पडद्यावर फिकी दिसते ती कागदावर जाते.

शुद्धलेखन दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे. लेयर असलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ, फाइल वेगळी जपावी. छपाईवाल्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत, हवी का ते विचारावे. ए४ पांढऱ्या कागदावर एक नमुना छापावा, तो भिंतीला लावून दहा पावले मागे जाऊन पाहावा, आणि शिरोरेषा दिसली तरच फाइल पाठवावी.