कृत्रिम बुद्धिमत्तेतील पदव्युत्तर पदवीचा अभ्यास कसा करावा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी एखादे तयार मॉडेल आधीच चालवून पाहिलेले असते. पदव्युत्तर पातळीवर तेवढे कौशल्य गृहीतच धरले जाते. तिथे शिकायचे असते ते हे की, समोरचे मॉडेल खरोखर काम करते का, करत असेल तर कशामुळे करते, आणि आपला निष्कर्ष दुसऱ्या जाणकाराला तपासता येईल अशा रीतीने कसा मांडायचा. गणित, प्रोग्रॅमिंग, विषयांची निवड, वाचन आणि प्रबंध या सगळ्यांची आखणी ही पारख अंगी यावी या दृष्टीने करावी. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

अभ्यासक्रमाची पत्रिका आधी वाचावी

या पदव्या सामान्यतः एक ते दोन वर्षांच्या असतात आणि नाव सारखे असले तरी आतला मजकूर बराच वेगळा असू शकतो. काही ठिकाणी भर वर्गातील विषयांवर असतो व शेवटी छोटा प्रकल्प करावा लागतो, तर काही ठिकाणी एक अख्खे सत्र किंवा त्याहून अधिक काळ प्रबंधाला दिलेला असतो. पुढे पीएच.डी. करायची इच्छा असेल तर प्रबंधाला मोठा वाटा देणारा अभ्यासक्रम निवडावा. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांनी तो अभ्यासक्रम संगणकशास्त्राची पदवी गृहीत धरतो का, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. कोणते विषय अनिवार्य आहेत यावरून संस्थेचा कल कळतो. संभाव्यता आणि इष्टतमीकरण (सर्वोत्तम मूल्य शोधण्याचे गणित) यांना जागाच नसेल, तर ती पदवी साधने वापरायला शिकवते असे समजावे.

गणिताची तयारी प्रवेशापूर्वी सुरू करावी

वर्ग सुरू झाल्यावर गणिताची उजळणी करायला वेळ मिळत नाही, म्हणून आधीचे दोन-तीन महिने त्यासाठी राखून ठेवावेत. रेषीय बीजगणितात मॅट्रिक्स गुणाकाराचा भौमितिक अर्थ, आयगेन मूल्ये आणि एकल-मूल्य विघटन. कॅल्क्युलसमध्ये अनेक चलांच्या फलांचे आंशिक विकलन आणि शृंखला नियम. संभाव्यतेत सशर्त संभाव्यता, बेजचा नियम, अपेक्षित मूल्य, विचरण आणि महत्तम शक्यतेची पद्धत एवढे पक्के असावे. यादी लांब वाटत असली तरी तिच्यातील एकही बाब अनावश्यक नाही, आणि यांपैकी संभाव्यतेकडेच विद्यार्थ्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

तयारी कितपत झाली हे जोखण्यासाठी पुस्तक मिटून दोन गोष्टी कागदावर करून पाहाव्यात. पहिली म्हणजे, वर्गीकरण करणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या शेवटी सॉफ्टमॅक्स (आकड्यांचे संभाव्यतांत रूपांतर करणारे फल) आणि क्रॉस-एन्ट्रॉपी (त्रुटी मोजण्याचे सूत्र) असताना त्रुटीचे अंतिम थराच्या आकड्यांबाबतचे विकलन काढावे. बरीच चिन्हे रद्द होऊन शेवटी ‘वर्तवलेली संभाव्यता वजा खरे उत्तर’ एवढीच सुटसुटीत राशी उरते. दुसरी गोष्ट आजच्या भाषा-मॉडेलांच्या पायाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेविषयी आहे. २०१७ साली मांडल्या गेलेल्या या रचनेत दोन सदिशांच्या बिंदुगुणाकाराला त्यांच्या मितीच्या वर्गमुळाने भागतात. घटक परस्परांपासून स्वतंत्र, शून्य सरासरीचे आणि एकक विचरणाचे मानले तर बिंदुगुणाकाराचे विचरण मितीइतके होते, आणि भागाकार न केल्यास सॉफ्टमॅक्स एकाच टोकाला जाऊन अडकतो व ग्रेडियंट (त्रुटीचा उतार, ज्यावरून मॉडेल शिकते) जवळजवळ नाहीसा होतो. हे दोन्ही निष्कर्ष स्वतः काढता आले, तर पहिल्या सत्रातील व्याख्याने समजायला अडचण येणार नाही.

एक न्यूरल नेटवर्क हाताने लिहावे

पायथन ही या क्षेत्राची रोजची भाषा आहे आणि पायटॉर्चसारखी चौकट ग्रेडियंट आपोआप काढून देते. तरीही ती हाती घेण्यापूर्वी एकदा केवळ नमपाय हे पायथनमधील गणिती साधन वापरून दोन थरांचे नेटवर्क लिहावे आणि त्याची पश्चप्रसरण पद्धती (त्रुटीचा ग्रेडियंट शेवटच्या थरापासून मागे मागे काढण्याची रीत) स्वतः रचावी. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधामुळे ही पद्धती सर्वत्र पोहोचली, आणि आजची प्रचंड मॉडेलेही तिनेच प्रशिक्षित होतात. सरावासाठी हस्तलिखित अंकांचा एमनिस्ट हा डेटासेट पुरेसा आहे. त्यात प्रशिक्षणासाठी ६०,००० आणि चाचणीसाठी १०,००० चित्रे असून प्रत्येक चित्र २८ गुणिले २८ बिंदूंचे असते.

लिहिलेला ग्रेडियंट बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी एकेक पॅरामीटर (मॉडेल शिकत असलेला आकडा) किंचित वाढवून व किंचित घटवून त्रुटीतील फरक मोजावा आणि तो आपल्या सूत्राच्या उत्तराशी ताडून पाहावा. आणखी दोन तपासण्या नेहमीच्या सवयीत याव्यात. दहा वर्गांच्या वर्गीकरणात प्रशिक्षणापूर्वीचे मॉडेल सर्व वर्गांना सारखीच संभाव्यता देत असेल, तर सुरुवातीची त्रुटी १० च्या नैसर्गिक लॉगॅरिदमएवढी, म्हणजे सुमारे २.३०, यायला हवी. ती फार वेगळी आली तर प्रारंभीच्या मूल्यांत किंवा त्रुटीच्या सूत्रात दोष शोधावा. त्यानंतर केवळ वीस-तीस उदाहरणे देऊन मॉडेल ती तोंडपाठ करते का, हे बघावे. एवढेही त्याला जमत नसेल, तर पूर्ण डेटावर तासन्तास प्रशिक्षण चालवण्यात काहीच हशील नाही. याच काळात गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारे साधन) आणि लिनक्सच्या आज्ञावली शिकून घ्याव्यात, कारण मोठे प्रयोग दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि तिथे माऊसचा उपयोग नसतो.

पहिल्या सत्रात जुने विषय टाळू नयेत

ऐच्छिक विषयांची यादी समोर आली की भाषा-मॉडेल आणि प्रतिमा-निर्मिती यांकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. शोधपद्धती, तर्कशास्त्र, नियोजन आणि बेजियन नेटवर्क हे विषय त्या तुलनेत जुनाट वाटतात, पण ते वगळू नयेत असे आग्रहाने सांगावेसे वाटते. हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी १९६८ साली मांडलेली ए-स्टार शोधपद्धती शिकताना, उरलेल्या मार्गाच्या खर्चाचा अंदाज कधीही वास्तवापेक्षा जास्त नसेल तरच सर्वांत स्वस्त मार्गाची हमी का मिळते, याची सिद्धता करावी लागते, आणि हमी व अनुभव यांतला फरक त्यातून कायमचा समजतो. शिवाय हे विषय मागे पडलेले नाहीत. २०१६ साली अल्फागो या संगणक प्रोग्रॅमने गो या खेळातील अग्रगण्य खेळाडू ली सेडोल यांना ४-१ असे हरवले, तेव्हा त्यामागे न्यूरल नेटवर्कइतकीच वृक्षशोधाचीही (पुढच्या चालींच्या शक्यता फांदीफांदीने तपासण्याच्या शोधपद्धतीचीही) कामगिरी होती.

एका सत्रात भारी गृहपाठाचे दोनपेक्षा जास्त विषय घेऊ नयेत. प्रोग्रॅमिंगच्या गृहपाठाला लागणारा वेळ आधी सांगता येत नाही, आणि एका अडकलेल्या गृहपाठामुळे बाकीचे वेळापत्रक कोलमडते.

शोधनिबंध वाचण्याची शिस्त लावावी

नवे काम बहुधा आधी अर्काइव्ह (arXiv) या निबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर आणि नंतर न्यूरिप्स, आयसीएमएल, आयसीएलआर किंवा भाषाक्षेत्रात एसीएल अशा परिषदांत येते. सगळे वाचणे कोणालाही शक्य नाही. आठवड्याला एक निबंध सखोल आणि तीन-चार वरवर, हे प्रमाण बहुतेकांना पेलते. वरवर वाचताना सारांश, आकृत्या आणि निकालांचे कोष्टक पाहावे आणि हा निबंध नेमका कोणता दावा करतो, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. सखोल वाचनात त्या दाव्याचा पुरावा कोष्टकाच्या कोणत्या ओळीत आहे, तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या पद्धतींनाही तेवढाच वेळ व तेवढीच निगा मिळाली होती का, आणि नव्या पद्धतीतील नेमक्या कोणत्या घटकामुळे सुधारणा झाली हे एकेक घटक काढून तपासले आहे का, हे प्रश्न विचारावेत. सत्रात निदान एका निबंधातील छोटा निकाल स्वतः पुन्हा मिळवून पाहावा. निबंधात न लिहिलेले किती निर्णय घ्यावे लागतात, ते त्याशिवाय कळत नाही.

प्रयोग काटेकोरपणे करावेत

या पदवीचा सर्वांत मोलाचा भाग हाच असल्याने त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. डेटाचे प्रशिक्षण, पडताळणी आणि चाचणी असे तीन भाग करावेत, हे प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकतो. तरीही चाचणीतील माहिती प्रशिक्षणात झिरपण्याचे प्रकार सर्रास घडतात. संपूर्ण डेटाची सरासरी काढून सर्व आकडे प्रमाणित केले आणि त्यानंतर भाग पाडले, की माहिती झिरपली. एकाच रुग्णाची दोन क्ष-किरण चित्रे प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्ही भागांत गेली, तर मॉडेल आजाराऐवजी रुग्ण ओळखू लागते, म्हणून अशा वेळी विभागणी चित्रांची न करता रुग्णांची करावी. कालक्रमाने गोळा झालेल्या डेटात आधीचा काळ प्रशिक्षणाला आणि नंतरचा चाचणीला ठेवावा. चाचणीचा भाग सरतेशेवटी एकदाच उघडावा, कारण त्यावरील आकडा पाहून मॉडेलमध्ये बदल केला की तो भाग चाचणीचा राहत नाही.

मापनपद्धतीही विचारपूर्वक निवडावी. एक हजार नमुन्यांत फक्त दहा रुग्ण असतील, तर ‘कोणीही आजारी नाही’ असे सरसकट सांगणारा प्रोग्रॅमदेखील ९९ टक्के अचूक ठरतो, आणि एकही रुग्ण शोधत नाही. तिथे अचूकतेऐवजी किती रुग्ण सापडले आणि रुग्ण म्हणून दाखवलेल्यांपैकी किती खरे होते, हे दोन आकडे द्यावेत.

निकालातील अनिश्चितता मोजल्याशिवाय कोणताही दावा करू नये. एक हजार उदाहरणांच्या चाचणीत ९० टक्के अचूकता आली, तर तिची प्रमाण त्रुटी सुमारे ०.९५ टक्का असते, म्हणजे ९५ टक्के विश्वासाचा पट्टा दोन्ही बाजूंना जवळजवळ १.९ टक्क्यांचा होतो. अशा स्थितीत आपली पद्धत अर्ध्या टक्क्याने सरस ठरली, असे केवळ दोन पद्धतींच्या अचूकतेच्या आकड्यांवरून म्हणणे निराधार आहे. दोन्ही मॉडेले त्याच उदाहरणांवर तपासलेली असल्यास मॅकनेमार चाचणीसारखी जोडीने तुलना करणारी पद्धत वापरावी, कारण ती लहान फरकही अधिक नेमकेपणाने तपासते. याखेरीज यादृच्छिक प्रारंभामुळे प्रत्येक प्रशिक्षणाचा निकाल थोडा हलतो, म्हणून निदान तीन, आणि शक्य असेल तर पाच, वेगवेगळ्या बीजांनी (यादृच्छिक प्रारंभ ठरवणाऱ्या संख्यांनी) प्रयोग चालवून सरासरीबरोबर विचलनही नोंदवावे.

कोणत्याही नव्या पद्धतीआधी साधी पद्धत चालवावी. मजकुराच्या वर्गीकरणात शब्दांच्या वारंवारितेवर आधारलेले लॉजिस्टिक रिग्रेशन काही मिनिटांत तयार होते, आणि ते ८८ टक्क्यांवर असताना मोठे मॉडेल ८९ वर गेले, तर प्रबंधात काय लिहायचे हा प्रश्नच बदलतो. प्रत्येक प्रयोगाची तारीख, कोडची आवृत्ती, सर्व पॅरामीटर, बीज आणि निकाल लगोलग नोंदवावा. ही नोंद ठेवण्यासाठी साधी वहीही चालते, नियमितपणा महत्त्वाचा.

प्रबंधाचा विषय, मार्गदर्शक आणि संगणनक्षमता यांचा एकत्र विचार करावा

संभाव्य मार्गदर्शकांना प्रबंध सुरू होण्यापूर्वी एक सत्र आधीच भेटावे. त्यांचे अलीकडचे दोन निबंध वाचून जावे आणि ते विद्यार्थ्यांना किती वेळा भेटतात हे मोकळेपणाने विचारावे; त्यांच्याकडे काम केलेल्या विद्यार्थ्यांशी बोलल्यास जास्त नेमके उत्तर मिळते. नामवंत पण कधीही उपलब्ध नसलेल्या मार्गदर्शकापेक्षा दर आठवड्याला अर्धा तास देणारी व्यक्ती पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाची असते.

विषय ठरवताना उपलब्ध यंत्रसामग्रीचा हिशेब कागदावर मांडावा. सात अब्ज पॅरामीटरचे मॉडेल १६ बिटांच्या अचूकतेने नुसते साठवायलाच १४ गिगाबाइट स्मृती लागते. तेच मॉडेल ॲडम या इष्टतमीकरण पद्धतीने मिश्र अचूकतेत पूर्णपणे प्रशिक्षित करायचे, तर पॅरामीटर, ग्रेडियंट आणि ॲडमच्या अंतर्गत राशी मिळून प्रत्येक पॅरामीटरमागे सुमारे १६ बाइट, म्हणजे ११२ गिगाबाइट, लागतात, आणि मधल्या थरांची मूल्ये यात धरलेलीच नाहीत. २४ गिगाबाइटचे एकच जीपीयू (मॉडेल प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे ग्राफिक्स प्रोसेसर) हाती असेल, तर मूळ पॅरामीटर गोठवून केवळ छोट्या जोडमॅट्रिक्स शिकवणारी लोरासारखी पद्धत वापरावी, लहान मॉडेल घ्यावे, किंवा मूल्यमापनाशी संबंधित प्रश्न निवडावा. तयार मॉडेल नेमके कुठे चुकते याचा काटेकोर अभ्यास कमी यंत्रबळावर होतो, आणि तो दुय्यम दर्जाचा प्रबंध नसतो.

प्रश्न एवढा नेमका असावा की त्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी प्रबंध उभा राहील. ‘भाषा-मॉडेल सुधारणे’ हा विषय होत नाही. ‘प्रशिक्षणाचा डेटा निम्मा केला असता या दोन पद्धतींतील अंतर वाढते का’ हा होतो. सहा महिने हाती असतील तर पहिल्या महिन्यात साधी तुलनापद्धत आणि मापनव्यवस्था चालू व्हावी, चौथ्या महिन्याच्या अखेरीस मुख्य प्रयोग संपावेत, आणि लेखन शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलू नये. पद्धतीचे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहावे, कारण तेव्हा निर्णयांची कारणे ताजी असतात.

कोड किंवा मजकूर लिहिण्यासाठी भाषा-मॉडेलची मदत घेण्याबाबत प्रत्येक संस्थेचे, अनेकदा प्रत्येक विषयाचे, नियम वेगळे असतात. ते लेखी मिळवावेत आणि घेतलेली मदत प्रबंधात नमूद करावी. अशा साधनाने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ निबंध उघडून पाहावा, कारण ही मॉडेले अस्तित्वात नसलेले निबंधही खरे वाटावेत असे रचून देतात. ज्या ओळीचा अर्थ परीक्षकापुढे सांगता येणार नाही, ती ओळ कोडमध्येही ठेवू नये.

मौखिक परीक्षेत बहुधा निवडीची कारणे विचारली जातात: हाच डेटासेट का, हेच मापन का, अमुक घटक काढला तर काय होते. त्या तयारीसाठी परीक्षेपूर्वी आपल्या क्षेत्राबाहेरच्या एखाद्या सहाध्यायाला प्रबंध वाचायला द्यावा, त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घ्यावा आणि ज्याचे उत्तर प्रयोगाने देता येईल तो प्रयोग वेळ असेल तर करून टाकावा.