पैठणच्या खुल्या कारागृहात भेटीला निघण्यापूर्वी: ठाण्यातील कुटुंबांसाठी तयारीची यादी

आपला माणूस ठाणे मध्यवर्ती कारागृहात किंवा खारघरच्या तळोजा कारागृहात असेपर्यंत भेट ही अर्ध्या दिवसाची गोष्ट असते. कळवा, ऐरोली किंवा घणसोलीहून सकाळी निघालेला माणूस दुपारी घरी येतो, आणि एखादा कागद विसरलाच तर पुढच्या वेळी नेता येतो. शिक्षा लागून काही वर्षे गेल्यावर, वर्तणुकीची नोंद चांगली म्हणून निवड झाली आणि आपला माणूस पैठणच्या खुल्या कारागृहात गेला, की हा हिशेब बदलतो. ठाण्याहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत रेल्वेने साधारण साडेतीनशे किलोमीटर आणि तिथून पैठणपर्यंत एसटीने आणखी पन्नासेक किलोमीटर जाऊन फाटकावरून परत फिरावे लागले, तर दोन दिवसांचा खाडा आणि घरच्या सगळ्यांचे भाडे पाण्यात जाते. माझा धाकटा भाऊ तिथे गेला तेव्हा पहिल्याच फेरीत माझे असे झाले, आणि दोष सर्वस्वी माझा होता. त्यानंतर ओळखीच्या कुटुंबांना निघण्यापूर्वी जे तोंडी सांगत आले, ते इथे एकत्र लिहिले आहे.

तयारीला बसण्यापूर्वी ‘खुले’ या शब्दाबद्दलचा गैरसमज काढून टाकावा. खुल्या कारागृहात उंच तट नसतो, बंदी म्हणजे कैदी दिवसभर शेतात किंवा नेमून दिलेल्या कामावर असतो, त्याला मजुरी मिळते, आणि भेटीच्या वेळी मध्ये काच व कानाला इंटरकॉम असा प्रकार सहसा नसतो. महाराष्ट्रात ही कल्पना जुनी आहे; आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत औंध संस्थानाने 1939 साली सुरू केली, आणि पुण्यात येरवड्यालाही खुले कारागृह आहे. परंतु तट नाही याचा अर्थ नियम नाहीत असा नव्हे. तिथे सकाळ-संध्याकाळ गिनती होते, भेटीची नोंद होते, आणि बंदी तिथे टिकून राहतो तो केवळ स्वतःच्या वर्तणुकीच्या नोंदीवर. बंद कारागृहात नातेवाइकाने चूक केली तर भिंत असतेच. इथे आपल्या चुकीचा भार थेट त्याच्या नोंदीवर पडतो आणि त्याला पुन्हा बंद कारागृहात पाठवले जाऊ शकते. म्हणून माझ्या मते खुल्या कारागृहातील भेटीची तयारी ठाण्याच्या भेटीपेक्षा अधिक काटेकोर असली पाहिजे, जरी घरातले सगळे नेमके उलटे समजत असले तरी.

पहिली तपासणी नावाची करावी. बंदी दाखल होताना जवळच्या नातेवाइकांची नावे सांगतो, आणि तो सांगतो ती घरातली, सवयीची नावे. माझ्या भावाने माझे नाव माहेरचेच दिले होते, तर माझ्या आधार कार्डावर सासरचे नाव आणि सासरचेच आडनाव. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने कार्ड दोनदा उलटसुलट करून पाहिले, वहीतल्या नावाखाली बोट धरले आणि शांतपणे विचारले, “ताई, ह्या कोण?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, कागद नव्हता. तेव्हापासून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि जुने रेशन कार्ड यांच्या छायाप्रती माझ्या पिशवीत कायम असतात. ज्यांच्या घरात हाच घोळ आहे त्यांनी प्रमाणपत्र तर न्यावेच, पण बंद्याला पत्राने किंवा फोनवर कळवून कारागृहातील नोंदीत आपले सध्याचे नाव लावून घेण्याचा अर्जही त्याच्याकडून करवून घ्यावा. वडिलांचे नाव, आडनावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख ओळखपत्रावर आहे तशीच सर्वत्र लिहावी. मूळ ओळखपत्र आणि दोन छायाप्रती प्रत्येक मोठ्या माणसाच्या स्वतःजवळ असाव्यात. सगळ्यांची कार्डे एकाच माणसाच्या पाकिटात ठेवू नयेत. लहान मुलांसाठी आधार कार्ड किंवा जन्म दाखला पुरतो. आपल्या माणसाचा बंदी क्रमांक बदली झाल्यावर बदलला का, हेही आधीच विचारून लिहून ठेवावे, कारण ठाण्याचा क्रमांक तिथे सांगून उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट नोंदणीची. राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर ई-मुलाकात ही सोय आहे. तिथे राज्य, कारागृह, बंद्याचे नाव व त्याच्या वडिलांचे नाव, आपले नाव, वय, नाते, ओळखपत्राचा प्रकार आणि सोबत येणाऱ्यांची नावे भरावी लागतात, आणि मोबाइल किंवा ई-मेलवर आलेला ओटीपी टाकल्यावरच अर्ज पुढे जातो. ज्यांच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो मुलगा कामावर घेऊन जातो, त्यांनी तो घरी असतानाच अर्ज भरावा. ओटीपी आला आणि फोन रबाळ्यात, असे प्रसंग मी पाहिले आहेत. अर्ज भरला म्हणजे भेट मिळाली असे मात्र समजू नये. मंजुरीचा संदेश आल्यानंतर त्यातील नोंदणी क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, कारण फाटकावर मोबाइल आत नेता येत नाही आणि क्रमांक त्यातच अडकून राहतो. त्याच पोर्टलवर व्हिडिओ भेटीचीही सोय आहे, आणि गुडघ्यांमुळे आठ तासांचा प्रवास न झेपणाऱ्या आईसाठी ती खरोखर वरदान आहे. फक्त त्या वेळी घराचा दरवाजा लावून घ्यावा आणि शेजाऱ्यांना पडद्यासमोर रांगेने उभे करू नये.

वार आणि वेळ कारागृहाच्या कार्यालयात फोन करूनच ठरवावी, कुणाच्या ऐकीव माहितीवर नव्हे. किती दिवसांनी भेट मिळते याचा हिशेब न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला चालू असलेला कच्चा कैदी, आणि शिक्षा झालेला बंदी यांच्यासाठी वेगळा असतो, त्यामुळे कच्चा कैदी असतानाची आठवड्याची सवय इथे लागू करू नये. सणाची किंवा सरकारी सुट्टी मध्ये येते का, हे कॅलेंडरवर पाहावे आणि तरीही फोनवर विचारावे. बंदी सकाळी कामावर गेलेला असतो, त्याला शेतातून निरोप धाडून बोलवावे लागते, म्हणून वेळ संपताना पोहोचणाऱ्याची भेट पाच मिनिटांवर येते. ठाण्याहून रात्री निघणारी देवगिरी एक्स्प्रेस पहाटे संभाजीनगरला पोहोचते, म्हणून ती सोयीची. सकाळची तपोवन एक्स्प्रेस दुपारी उतरवते आणि त्या दिवसाची वेळ बहुधा हुकते. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते. त्या आठवड्यात एसटीत पाय ठेवायला जागा नसते, राहायला खोली मिळत नाही आणि गावातले रस्ते दिंड्यांनी भरलेले असतात, तेव्हा नाथांचे दर्शन आणि भावाची भेट एकाच फेरीत उरकण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्यात पाणी, टोपी आणि म्हाताऱ्या माणसासाठी छत्री घ्यावी.

पिशवी भरण्यापेक्षा रिकामी करण्याकडे अधिक लक्ष द्यावे. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, इअरफोन, पॉवर बँक, पेनड्राइव्ह, चाकू, लायटर, सिगारेट, तंबाखू, गुटखा यांपैकी काहीही फाटकाच्या आत नेऊ नये. यादी वाचताना सगळे माना डोलावतात आणि तरीही तंबाखूची पुडी सापडतेच, कारण ती कुणी मुद्दाम नेत नाही, ती खिशात राहूनच गेलेली असते. एका मावशींच्या चंचीत सुपारीच्या तुकड्यांखाली मळलेल्या तंबाखूची पुडी निघाली, तेव्हा त्या स्वतःच सर्वांत जास्त दचकल्या. म्हणून संभाजीनगरच्या स्थानकावर उतरल्यावर प्रत्येकाने आपले खिसे, शर्टाचा आतला खिसा, पर्सचा चेनचा कप्पा आणि लहान मुलाचे दप्तर एकदा पूर्ण उलटे करून पाहावे. 1894 च्या मूळ कारागृह कायद्याच्या कलम 42 मध्ये मनाई असलेली वस्तू आत नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. दंडाची रक्कम वाचून हसू येते, कैद वाचून येत नाही. मोबाइल ठेवण्याची सोय गृहीत धरू नये. सोबतच्या एका माणसाने बाहेर थांबावे किंवा फोन मुक्कामाच्या खोलीवर ठेवावा. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या लागणाऱ्यांनी त्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात आणि विचारण्यापूर्वीच दाखवाव्यात.

घरच्या खाण्याबद्दल सर्वांत जास्त वाद होतो, तो घरातच होतो. बाहेरून अन्न व कपडे मागवण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम 31 मध्ये दिवाणी आणि न्यायाधीन बंद्यांपुरती आहे. खुल्या कारागृहातील माणूस शिक्षा झालेला असतो, त्यामुळे डब्याचा हक्क सांगता येत नाही. काही घेतले जाते का, हे फोनवर स्पष्ट विचारावे आणि नाही म्हटले तर पुरणपोळ्या घरीच ठेवाव्यात. आई रात्रभर जागून केलेले बेसनाचे लाडू एसटी स्थानकाच्या बाकड्यावर बसून आम्हीच खाल्ले आहेत, आणि तो घास कसा उतरतो हे मला ठाऊक आहे. पैसे हातात देऊ नयेत, दहाची नोटसुद्धा. ते मनीऑर्डरने किंवा कारागृह कार्यालय सांगेल त्या मार्गाने त्याच्या नावावर जमा करावेत, म्हणजे त्याला कॅन्टीनमधून साबण, तेल, बिस्किटे घेता येतात. पावती जपून ठेवावी.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे सगळे लिहिले, ती. खुल्या कारागृहाची शेती रस्त्यावरूनही दिसू शकते. एसटीच्या खिडकीतून कधी काम करणारी माणसे दिसतात, आणि त्यांत आपला माणूस ओळखू आला तर पाय आपोआप बांधाकडे वळतात. वळू देऊ नयेत. बांधावर जाऊन दोन शब्द बोलणे, डबा देणे, क्षणभर मोबाइल त्याच्या कानाला लावून मुलीचा आवाज ऐकवणे, हे आपल्या दृष्टीने प्रेम असते आणि नोंदवहीच्या दृष्टीने विनापरवाना भेट. आपण संध्याकाळच्या गाडीत बसून निघून जातो, उत्तर त्याला द्यावे लागते. गेलेली माफी, म्हणजे शिक्षेच्या मुदतीत मिळणारी सूट, आणि परत बंद कारागृहाची बराक, एवढी त्या पाच मिनिटांची किंमत होऊ शकते. त्यानेच लांबून हात केला, तरी आपण फक्त हात करावा आणि फाटकाचा रस्ता धरावा. परिसराचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नयेत, आणि भाच्याला तसे आधीच बजावावे, कारण त्याच वयाची मुले हे करतात.

फाटकावर झडतीला सामोरे जावे लागते, त्याचा अपमान वाटून घेऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये. त्याच 1894 च्या कायद्याच्या कलम 41 प्रमाणे तुरुंगाधिकारी भेटीस आलेल्याचे नाव व पत्ता विचारू शकतात आणि संशय असल्यास झडती घेऊ शकतात, मात्र ती कोणत्याही बंद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर घेता येत नाही. झडतीस नकार दिल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो. स्त्रियांनी महिला कर्मचारी कुठे आहेत, असे सरळ शब्दांत विचारावे. दागिने कमीत कमी घालावेत, आणि कोणी ‘चहापाणी’ सुचवले तर पाकिटाला हात न लावता अधीक्षकांच्या कार्यालयाचा रस्ता विचारावा. आवाज चढवून काही साधत नाही. खरोखर अडचण आली तर 15100 या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या निःशुल्क क्रमांकावर किंवा परतल्यावर ठाणे न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी मांडावी.

भेटीत काय बोलायचे याची यादीही गाडीतच करावी. भेटीवर कर्मचाऱ्याचे लक्ष असते, तेव्हा भाऊबंदकीचा वाद, साक्षीदारांची नावे आणि शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या तिथे काढू नयेत. वाईट बातमी सांगायची असेल तर ती सुरुवातीला सांगावी, म्हणजे त्याला विचारायला वेळ उरतो. निघताना सांगितलेली बातमी त्याच्याजवळ एकटीच राहते. मुलांना आधी सांगावे की बाबा आता पूर्वीसारखे काचेमागे नसतील, त्यांना हात लावता येईल. माझी भाची पहिल्यांदा गेली तेव्हा ती बराच वेळ लांबच उभी राहिली, कारण काच कुठे आहे हे ती शोधत होती.

कागदपत्रांचे काम असेल तर वकीलपत्र किंवा प्रतिज्ञापत्र त्याच्या हातात देऊन भेटीतच सही घेण्याचा प्रयत्न करू नये. ते कार्यालयात द्यावे, सही अधिकाऱ्यासमोर होते आणि तीच ग्राह्य धरली जाते. संचित रजा (फर्लो) किंवा अभिवचन रजेचा (पॅरोलचा) अर्ज जवळ आला असेल, तर तो ज्या घरी येणार त्या घराचा अचूक पत्ता, जामीनदार म्हणून उभा राहणारा नातेवाईक आणि आपले पोलीस ठाणे कोणते, एवढे ठरवूनच जावे. कळव्यातून घर बदलून दिव्याला गेलेल्यांनी नवा पत्ता आवर्जून द्यावा, नाहीतर चौकशीचा अहवाल जुन्या दारावरून ‘राहत नाहीत’ असा जातो आणि रजा त्या एका ओळीवर अडते.

निघताना नोंदवहीत बाहेर पडल्याची सही करावी, पुढची भेट कधी मिळेल ते विचारून कागदावर लिहावे, आणि आपले ओळखपत्र परत मागून घ्यावे. डोळे भरून आलेले असतात तेव्हा हे हटकून राहते. माझे कार्ड तिथेच राहिले आणि ते मला परतीच्या गाडीत, तिकीट तपासनिसासमोर पर्स उलटी केल्यावर समजले.