खानदेशातल्या तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान कसं काढावं

अमळनेरात पुस्तकांचं दुकान काढतोय म्हटल्यावर मला सगळ्यांनी एकच विचारलं होतं, "इथे वाचतं कोण?" नऊ वर्षं गल्ल्यावर बसल्यावर खात्रीने सांगतो, वाचतात. ज्या गावात दोन साहित्य संमेलनं झाली, १९५२ ला आणि २०२४ ला, जिथल्या शाळेत साने गुरुजींनी शिकवलं, तिथे वाचक नाही असं होत नाही. अडतं ते दुसरीकडेच. गिऱ्हाइकाला हवं ते पुस्तक आपल्या फळीवर नसतं आणि आपल्या आवडीची पन्नास पुस्तकं मात्र धूळ खात असतात. चोपडा असो, शहादा असो की पाचोरा, दुकान काढणाऱ्याने आधी हेच सांभाळायचं.

पहिली पायरी: दुकानाआधी वही

गाळा शोधायच्या आधी दोनशे पानी वही विकत घ्या आणि दोन महिने गावात फिरा. वाचनालयात बसा, अभ्यासिकेतल्या पोरांशी बोला, शिक्षकांना भेटा. प्रत्येकाला एवढंच विचारा: "पुण्याहून किंवा ऑनलाइन शेवटचं कोणतं पुस्तक मागवलं? आणि कोणतं मिळालं नाही?" तारीख, नाव, गाव, पुस्तक, फोन, अशा पाच रकान्यांत ते लिहून ठेवा.

दुकान सुरू झाल्यावरही ही वही गल्ल्याशेजारीच राहते. एखादी बाई येते आणि म्हणते, "मन्ही पोरले वाचाले काहीतरी दे रे भाऊ." पोरगी कितवीत आहे, तिला चित्रं आवडतात की गोष्टी, हे विचारून तेही लिहायचं. माझा नियम साधा आहे: वहीत एकच पुस्तक दोन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर आलं की तीन प्रती मागवायच्या. एकानेच मागितलं असेल तर त्याच्यापुरती एक. माझी नऊ वर्षांतली सगळ्यात कमी चुकलेली खरेदी या नियमाने झाली आहे.

दुसरी पायरी: हिशेब

प्रकाशक किंवा वितरक छापील किमतीवर साधारण २५ ते ४० टक्के कमिशन देतात. ३० टक्के धरू. ट्रान्सपोर्ट, हमाली आणि दुमडलेल्या प्रती यांत तीनेक टक्के जातात. उरले २७.

आता छोट्या दुकानाचा महिन्याचा खर्च मांडा: भाडं ५,०००, मदतनीस ७,०००, वीज-फोन-पिशव्या २,०००. एकूण १४,०००. सूट न देता हा खर्च भरून काढायला महिन्याला सुमारे ५२,००० ची विक्री लागते. गिऱ्हाइकाला सरसकट १० टक्के सूट दिलीत की हातात १७ टक्केच राहतात आणि तोच आकडा ८२,००० च्या वर जातो. २८ दिवस दुकान उघडं धरलं आणि पुस्तक सरासरी २५० रुपयांचं धरलं, तर रोज सात-आठ पुस्तकांऐवजी बारा विकावी लागतात. आणि यात तुमच्या घरखर्चाचा रुपयाही धरलेला नाही.

म्हणून "सगळ्या पुस्तकांवर १० टक्के सूट" असा फलक पहिल्या दिवशी लावू नका. मी लावला होता, आणि तो उतरवायला मला दोन वर्षं लागली. सूट द्यायचीच तर वर्षाला ठरावीक खरेदी करणाऱ्याला द्या, विद्यार्थ्याला द्या. बाकीच्यांना पुस्तक हातात घेऊन चाळता येतं, नसलेलं मागवून मिळतं, आणि पुस्तकाचा माहीतगार माणूस समोर असतो. लोक याचे पैसे देतात.

तिसरी पायरी: जागा

भर बाजारपेठेतला गाळा परवडत नाही आणि लागतही नाही. बसस्टँडवरून कॉलेजकडे किंवा अभ्यासिकेकडे जाणारा रस्ता उत्तम. पश्चिमेला तोंड असलेला गाळा टाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. दुपारचं ऊन थेट फळीवर आलं की मुखपृष्ठं एका उन्हाळ्यात फिकी पडतात, बांधणीचा गोंद सुकतो आणि पुस्तक उघडताच पानं सुटतात.

अकरा महिन्यांचा करार करताना पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, हे शेजाऱ्याला विचारा. माझ्या पहिल्या गाळ्यात मागच्या भिंतीला टेकवून बाराएक गठ्ठे जमिनीवर ठेवले होते. ऑगस्टमध्ये एक गठ्ठा उचलला तर तो हलका लागला. सुतळी सोडली. वरचं पुस्तक नवंकोरं होतं, खालच्यात मातीच्या बोटभर रुंद रेघा, आणि आत पानांऐवजी भुसा. उधई, म्हणजे वाळवी. तेव्हापासून माझी सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब असते. दर पंधरवड्याला मागची रांग काढून भिंत बघतो.

कागदपत्रं

हे लवकर उरकतं. छोट्या दुकानाला दुकान कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्याची पावती चालू खातं उघडायला उपयोगी पडते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे नुसती पुस्तकंच विकलीत तर नोंदणी लागत नाही. पेन, कंपास, भेटवस्तू असा करपात्र माल ठेवलात तर वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर लागते, आणि त्यात पुस्तकांची विक्रीही धरतात. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं. मी स्वतः कर्जाच्या पैशाने पुस्तकं घेऊ नये या मताचा आहे. कपाटं घ्या हवं तर.

चौथी पायरी: पहिली खरेदी

हातात दीड लाख असतील तर पहिल्या फेरीत लाखाचीच पुस्तकं घ्या. पुण्याला अप्पा बळवंत चौकात दोन दिवस काढा, वितरकांना समोर भेटा. फोनवर जो "परत घेत नाही" म्हणतो, तो समोर बसल्यावर थोडं तरी परत घेतो. प्रत्येकाशी तीन गोष्टी ठरवून कागदावर घ्या: कमिशन किती, पैसे किती दिवसांत, आणि न विकलेला माल किती महिन्यांत परत.

रोख घेतलं की कमिशन जास्त मिळतं, आणि तिथेच नवा माणूस फसतो. एका वितरकाच्या शब्दावर मी एकाच कादंबरीच्या चाळीस प्रती रोखीत घेतल्या, पाच टक्के जास्त मिळतात म्हणून. अकरा गेल्या. वहीत त्या पुस्तकाचं नाव एकदाही नव्हतं.

लाखातला निम्मा पैसा स्पर्धा परीक्षा, शब्दकोश, मुलांची पुस्तकं, शेती आणि आरोग्य यांत घाला. त्यावर भाडं निघतं. नॅशनल बुक ट्रस्ट आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं जरूर ठेवा. कमी किमतीत चांगला ऐवज असतो आणि पहिल्यांदा पुस्तक विकत घेणारा माणूस तिथूनच सुरुवात करतो.

आणि एक फळी खानदेशाची. असोद्याच्या बहिणाबाई, धरणगावात जन्मलेले बालकवी, साने गुरुजी, अहिराणी गाणी आणि म्हणी, आपल्या भागातल्या नव्या लेखकांची पुस्तकं. ही फळी दारातून दिसेल अशी लावा. सुरतेला गेलेली आपली माणसं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला गावी येतात, तेव्हा आधी तिच्याकडेच जातात. त्यांची मुलं बहुतेक गुजराती किंवा हिंदी शाळेत शिकतात. मोठ्या अक्षरांतली, सोपी मराठी पुस्तकं त्यांना हवी असतात. त्या दोन आठवड्यांसाठी मी वेगळा साठा मागवतो.

पाचवी पायरी: वर्षाचं गणित

आपल्याकडे पैसा पिकाबरोबर येतो. कापूस घरात आला की दिवाळी अंक जातात. ते परतीच्या बोलीवरच घ्या आणि मुदतीच्या आठ दिवस आधी परत पाठवा. जूनमध्ये शाळा सुरू होताना गर्दी असते, जुलै-ऑगस्ट ओस. १४ एप्रिलला जयंतीच्या ठिकाणी टेबल लावा. त्या दिवशी हातमजुरी करणारा माणूस दोनशे-तीनशेचं पुस्तक घासाघीस न करता घेतो, हे मी दरवर्षी बघतो. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे हरिपाठ आणि चित्रांची छोटी पुस्तकं चालतात. मंगळवारी मंगळग्रह मंदिराला बाहेरगावचे लोक येतात, तेव्हा दुकान लवकर उघडतो. उन्हाळ्यात दुपारी एक ते पाच बंद ठेवून रात्री साडेनऊपर्यंत बसा.

सार्वजनिक वाचनालयांची खरेदी बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये, अनुदानाच्या भरवशावर होते. ऑर्डर मोठी दिसते, पण पैसे सहा-सहा महिने येत नाहीत. एका संस्थेने माझे अठरा हजार दीड वर्ष अडकवले आणि त्या काळात मला नवीन मालच घेता आला नाही. आता निम्मे पैसे आधी घेतो आणि एका वेळी वीस हजारांच्या वर उधारी जाऊ देत नाही, मग समोर गुरुजी असोत की अध्यक्ष.

३१ मार्चला दोन दिवस दुकान बंद ठेवून एकेक पुस्तक मोजा. वर्षभर न हललेलं पुस्तक परत करता येत असेल तर करा, नसेल तर निम्म्या किमतीत काढा. मग वही घ्या आणि अजून न मिळालेल्या पुस्तकांची नावं नव्या पानावर उतरवा. माझ्या वहीत एका आबांनी मागितलेला अहिराणी ओव्यांचा संग्रह तीन वर्षं असा पानापानावरून पुढे सरकत होता. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात तो सापडला त्या संध्याकाळी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने ते आले, दुकान उघडायच्या आधी.