घरातल्या रोबोटला जागा कशी सांगावी

सेक्टर १५ वाशीला आहे, बेलापूरला आहे, ऐरोलीलाही आहे. म्हणून नवी मुंबईत पत्ता सांगताना आपण आधी नोड (म्हणजे वाशी, बेलापूरसारखा भाग) सांगतो, मग सेक्टर, मग सोसायटी. नुसतं ‘सेक्टर १५’ म्हटलं तर रिक्षावाला ‘कुठला?’ असं विचारणारच. घरात झाडू-पोछा करणारा रोबोट आला की हीच सवय कामाला येते. पण उंबऱ्याच्या आत आपण ती सोडून देतो आणि त्याला ‘तिकडे जा, तिथलं साफ कर’ असं सांगतो. हाताने दाखवलेलं त्याला बहुधा दिसत नाही, त्यामुळे ‘तिकडे’ला काही अर्थच उरत नाही.

आधी घराची ओळख करून द्या

बऱ्याच रोबोटांच्या डोक्यावर छोटा गोल उंचवटा असतो, त्यात लेझर फिरत असतो. किरण भिंतीवरून परत येतो, त्यावरून अंतर कळतं आणि अशा असंख्य अंतरांतून नकाशा तयार होतो. काही मॉडेल हेच काम कॅमेऱ्याने करतात. या नकाशात भिंती असतात, पण ‘देवघर’ किंवा ‘आजीची खोली’ नसते. ती नावं तुम्ही द्यायची.

पहिल्या फेरीला सगळी दारं उघडी ठेवा. चपला, वायरी, खेळणी उचला. चार्जिंगचा डॉक हलवू नका. मग अ‍ॅपमध्ये खोल्यांना घरात रोज बोलली जातात तीच नावं द्या. सगळे ‘मागची खोली’ म्हणत असतील तर ‘मास्टर बेडरूम’ लिहून उपयोग नाही, ते कोणाच्या तोंडी येणार नाही.

डावं कोणाचं, ते सांगा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आजी सोफ्यावर बसल्या आहेत आणि रोबोट त्यांच्याकडे तोंड करून उभा आहे. त्यांचं डावं ते त्याचं उजवं. रोबोट बनवणाऱ्यांमध्ये रॉस ही सॉफ्टवेअर-प्रणाली बरीच वापरली जाते. तिच्यात संकेत ठरलेला आहे: एक्स अक्ष यंत्राच्या समोर, वाय अक्ष त्याच्या डावीकडे, झेड वर. म्हणजे यंत्राचं डावं त्याच्या स्वतःच्या तोंडावरून ठरतं.

आपलं तसं एकच ठरलेलं नसतं. ‘गाडीच्या डाव्या बाजूला’ म्हणताना आपण ड्रायव्हरच्या सीटवरून बोलतो, गाडी समोरून येत असली तरी. माठाला ना पुढची बाजू ना मागची, म्हणून ‘माठाच्या डावीकडे’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. ठाण्यात कोपरी पूर्वेला आणि नौपाडा पश्चिमेला, मग तुम्ही कुठेही तोंड करून उभे राहा. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांनी याच तीन चौकटी मांडल्या आहेत: वस्तूची स्वतःची, बघणाऱ्याची आणि दिशांची. घरात आपण या तिन्ही चौकटींतून बोलतो, पण आत्ता कुठली वापरली ते सांगत नाही. माणूस संदर्भाने ओळखतो, यंत्र बरेचदा चुकतं.

म्हणून ‘तुझ्या डावीकडे’ असं पूर्ण म्हणा. ‘माझ्या डावीकडे’ तेव्हाच चालेल, जेव्हा तुम्ही कुठे उभे आहात हे त्याला कळत असेल. माझं मत विचाराल तर डावं-उजवं शक्यतो टाळाच आणि ‘खिडकीच्या बाजूला’, ‘दाराच्या बाजूला’ असं सांगा. ‘अलीकडे-पलीकडे’सुद्धा नको. वाशीच्या माणसाला खाडीपलीकडे मानखुर्द आहे, तर मानखुर्दच्या माणसाला वाशी.

मोठं आधी, लहान नंतर

आधी खोली, मग त्यातली मोठी, न हलणारी वस्तू, मग नेमकी जागा: ‘किचन, फ्रिजच्या समोर, दोन फूट.’ खुर्ची, बादली, कुंडी यांच्या आधाराने पत्ता देऊ नका, त्या संध्याकाळपर्यंत दुसरीकडे गेलेल्या असतात. ‘जवळ’ हा शब्दही मोघम आहे. स्टेशनजवळचं घर दहा मिनिटांवर असू शकतं, गॅसजवळची काडेपेटी हाताच्या अंतरावर. आकडा सांगता आला तर सांगा.

पावलं नको, मुक्काम सांगा

माणसं रोबोटला वाट कशी सांगतात, याचा जर्मनीत बराच अभ्यास झाला आहे. त्यात दिसलं की लोक रोबोटच्या बाजूने विचार करतात, ही चांगली गोष्ट. पण ‘त्या वस्तूपाशी जा’ म्हणण्याऐवजी अनेक जण ‘पुढे, थोडं डावीकडे, थांब’ असं एकेक पाऊल सांगू लागतात. नकाशा असलेल्या रोबोटला आधी मुक्काम सांगून बघा. वाट तो स्वतः काढतो. अडला तरच पावलांवर या.

त्याला विचारू द्या

१९७० च्या सुमारास एमआयटीत टेरी विनोग्राड यांनी श्रड्लू हा प्रोग्राम लिहिला. त्याचं जग म्हणजे संगणकातले ठोकळे. तिथे एकापेक्षा जास्त पिरॅमिड असताना ‘पिरॅमिड उचल’ म्हटलं, तर कुठला ते कळलं नाही असं तो सांगायचा. घरात वयस्कर माणसं असतील तर अंदाजाने निघणाऱ्या यंत्रापेक्षा असं विचारणारं यंत्र मला कितीतरी जास्त भरवशाचं वाटतं. विकत घेताना दुकानात हे करून बघा: दोन टेबलं असताना ‘टेबलाखाली जा’ म्हणा आणि काय होतं ते पाहा.

त्याने विचारलं की आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हणू नका. फक्त राहिलेला तुकडा द्या: ‘खिडकीजवळचं.’

घर बदललं की नकाशा बदला

सोफा हलवला, नवं कपाट आलं, तर एक फेरी पुन्हा मारून घ्या. गणपतीत हॉलमध्ये मखर बसलं की अ‍ॅपमध्ये त्याभोवती प्रवेशबंदीचा चौकोन आखा, समईची जागाही आत येईल इतका मोठा. विसर्जनानंतर तो पुसायला विसरू नका, नाहीतर हॉलचा तेवढा कोपरा झाडायचाच राहील.