शके १६९५ आणि ‘साल’ नावाचा रकाना

आमच्या पोथ्यांची यादी सामायिक सूचीत चढवली, तेव्हा शके १६९५ ची एक पोथी तिथे इसवी सन १६९५ ची होऊन बसली. दोष आमचाच होता. रकान्याचे नाव नुसते ‘साल’ असे होते. आता डब्लिन कोअरच्या (ग्रंथ-दस्तऐवजांची माहिती नोंदवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) १५ घटकांपैकी दिनांकाच्या घटकात मी १७७३/१७७४ असा कालावधी लिहितो, कारण शकात एरवी ७८ मिळवले तरी १ जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पुष्पिकेतला (पोथीच्या शेवटच्या नोंदीतला) ‘शके १६९५ विजयनाम संवत्सरे’ हा मजकूर मात्र वर्णनाच्या घटकात जसाच्या तसा ठेवतो. संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातले वर्षाचे नाव, पडताळणीला फार उपयोगी पडते (नकलनवीसही आकडे चुकतात): शकात १२ मिळवून ६० ने भागल्यावर बाकी २७ उरली, आणि सत्ताविसावे संवत्सर विजयच आहे.